आपली डिजिटल ओळख आपल्या ताब्यात: सुरुवात कुठून आणि कशी करायची

मुख्य ईमेल खात्यात एके दिवशी लॉगिनच होईना, आणि विचारणा केल्यावर ‘नियमभंगामुळे खातं कायमचं बंद केलं आहे’ एवढंच उत्तर आलं, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय जाईल? त्या पत्त्यावर उघडलेली समाजमाध्यमांची खाती जातील. ‘अमक्या खात्याने साइन इन करा’ असं बटण दाबून घेतलेल्या सेवा जातील. पासवर्ड बदलायच्या लिंका त्याच पत्त्यावर येतात, त्यामुळे त्याही गेल्या. आणि लोक आपल्याला वर्षानुवर्षं ज्या नावाने ओळखतात, ते नावही.

यातलं काहीच आपल्या मालकीचं नसतं, वापरायची परवानगी तेवढी असते. विकेंद्रित ओळखीचं तंत्रज्ञान नेमकं याच दुखण्यावर काम करतं. ते अजून पूर्ण पिकलेलं नाही, पण सामान्य वापरकर्त्याने आज हात घालावा इतपत नक्कीच तयार आहे.

ओळख म्हटलं की त्यात तीन गोष्टी असतात. पहिली गोष्ट नाव, म्हणजे लोक तुम्हाला ज्यावरून शोधतात ते हँडल किंवा पत्ता. दुसरी किल्ली, म्हणजे ‘हे मीच’ असं सिद्ध करायचं साधन. आणि तिसरे दाखले: तुमचं वय, पदवी, परवाना याबद्दल दुसऱ्या कोणीतरी दिलेली ग्वाही. नेहमीच्या खात्यात या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतात. त्या एकमेकींपासून सोडवून घ्यायच्या आणि निदान पहिल्या दोन स्वतःकडे ठेवायच्या, एवढंच आपलं काम आहे. बरेच नवखे थेट क्रिप्टो वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं अ‍ॅप, उघडून सुरुवात करतात. माझं स्पष्ट मत आहे की ते टोक शेवटी धरावं. सुरुवात डोमेनपासून, म्हणजे इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यापासून, करावी.

आधी झाडाझडती

एक कोरा कागद घ्या आणि आपली महत्त्वाची खाती लिहून काढा. प्रत्येक खात्यापुढे लिहा: पासवर्ड विसरला तर ते खातं कुठे विचारणा करतं? कुठल्या ईमेलवर, कुठल्या फोन नंबरवर? तिथपर्यंत एक बाण काढा. पंधरा-वीस खाती लिहून होईपर्यंत चित्र दिसायला लागतं. जवळजवळ सगळे बाण एक-दोन ठिकाणी जाऊन मिळतात, बहुधा एका ईमेलला आणि एका सिमकार्डाला.

ती एक-दोन ठिकाणं आजच मजबूत करा. जिथे पासकीची सोय असेल (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकाचं कुलूप उघडून लॉगिन करायची) तिथे पासकी लावा. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा यूएसबीला लावायची हार्डवेअर सिक्युरिटी की वापरा, कारण फोन नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेण्याची फसवणूक जगभर चालते. बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. आणि बहुतेक मोठ्या सेवांमध्ये ‘डेटा डाउनलोड करा’ हा पर्याय असतो, तो एकदा वापरून आपली प्रत काढून घ्या. यात विकेंद्रित असं काहीच नाही, हे खरं. पण पुढे जी किल्ली तयार कराल ती याच फोनवर, याच संगणकावर राहणार आहे.

किल्लीची जोडी आणि डीआयडी

सगळ्याच्या मुळाशी १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली कल्पना आहे: किल्ल्यांची जोडी. एक खासगी, जी फक्त तुमच्याकडे राहते. दुसरी सार्वजनिक, जी जगाला बिनधास्त द्यायची. खासगी किल्लीने एखाद्या मजकुरावर डिजिटल सही केली की ती सही खरी आहे की नाही हे सार्वजनिक किल्ली असलेला कोणीही तपासू शकतो, पण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता येत नाही. पासवर्डमध्ये गुपित समोरच्याला सांगावं लागतं. इथे गुपित तुमच्या यंत्राबाहेर जातच नाही.

मग प्रश्न येतो, ही सार्वजनिक किल्ली अमक्याचीच, हे जगाला कळणार कसं? त्यासाठी डीआयडी (डिसेंट्रलाइज्ड आयडेंटिफायर, म्हणजे विकेंद्रित ओळखपत्ता) नावाचं मानक आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती जुलै २०२२ मध्ये अधिकृत केली. डीआयडी म्हणजे एक लांबट ओळखपत्ता. त्याचे तीन भाग असतात, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके: आधी ‘डीआयडी’ हा शब्द, मग पद्धतीचं नाव, मग तुमचा स्वतःचा भाग. त्या पत्त्यामागे एक छोटी फाइल असते आणि तिच्यात तुमच्या सार्वजनिक किल्ल्या नोंदलेल्या असतात. किल्ली बदलली तर फाइल बदलते, पत्ता तोच राहतो. पुढच्या सगळ्या सोयी या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

ती फाइल कुठे आणि कशी ठेवायची याच्या पद्धती शंभराहून जास्त नोंदल्या गेल्या आहेत. नवख्याने तीन समजून घेतल्या तरी पुरे. ‘की’ पद्धतीत सार्वजनिक किल्ली हाच पत्ता असतो. सोपी आहे, पण किल्ली बदलण्याची सोयच नाही, म्हणून ती तात्पुरत्या कामापुरती. ‘वेब’ पद्धतीत ती फाइल तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर राहते. डोमेन टिकलं तर ओळख टिकली. ‘पीएलसी’ पद्धत ब्लूस्काय या समाजमाध्यमाच्या मंडळींनी बनवली. तिच्यात बदलांची नोंद एका सार्वजनिक डिरेक्टरीत राहते आणि किल्ल्या बदलता येतात. ती डिरेक्टरी म्हणजे पुन्हा एक केंद्रच, हे लक्षात असू द्या. पण तिथल्या प्रत्येक बदलावर सही असते, आणि त्यामुळे तो कोणालाही तपासता येतो.

स्वतःचं डोमेन घ्या

वाचून इथपर्यंत आला असाल तर करण्याजोगं पहिलं मोठं काम हेच. डोमेनचं नाव माणसाला लक्षात राहतं, ते एका कंपनीकडून दुसरीकडे हलवता येतं, आणि ईमेलपासून समाजमाध्यमांपर्यंत सगळीकडे चालतं. ते भाड्याचंच असतं, हे मान्य. पण इथे घरमालक पटला नाही तर पत्ता न बदलता मालक बदलता येतो.

नाव घेताना स्वतःच्या नावाजवळचं, स्पेलिंग सांगायला सोपं असं घ्या. विचित्र नवी एक्स्टेन्शन्स (नावातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग) पहिल्या वर्षी स्वस्त असतात आणि नूतनीकरणाला महाग होतात. नोंदणीचा दर बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. डॉट कॉमसारख्या नेहमीच्या एक्स्टेन्शनमध्ये एका वेळी दहा वर्षांपर्यंत मुदत भरता येते. जमलं तर निदान काही वर्षांची एकदम भरा आणि ऑटो-रिन्यू चालू ठेवा. मुदत संपल्यावर नाव लगेच हातचं जात नाही, सवलतीचे काही आठवडे मिळतात आणि त्यानंतर जादा पैसे मोजून सोडवून घ्यायचा काळ असतो. पण त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. तो नवा मालक तुमच्या पत्त्यावर यापुढे येणारे ईमेल वाचू शकेल आणि तुमच्या नावाने बोलू शकेल.

रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात गेल्यावर चार गोष्टी करा. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डबरोबरची दुसरी पडताळणी, लावा. डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारं ट्रान्सफर लॉक चालू आहे ना ते पाहा. मालकाची खासगी माहिती झाकण्याची सोय चालू करा, नाहीतर तुमचा पत्ता आणि फोन जगजाहीर होऊ शकतो. चौथी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: रजिस्ट्रारकडे संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडेल, आणि डोमेन सोडवायची लिंक नेमकी त्या बंद पेटीत जाऊन बसेल. तिथे वेगळ्या सेवेचा, चालू असलेला पत्ता द्या.

डोमेन हेच हँडल

आता या नावाचा वापर. सगळ्यात झटपट अनुभव ब्लूस्कायवर येतो. तिथल्या सेटिंग्जमध्ये खात्याच्या विभागात हँडल बदलायचा पर्याय आहे, आणि त्यात ‘माझं स्वतःचं डोमेन आहे’ असं निवडता येतं. अ‍ॅप तुम्हाला एक ओळ देतं. तीत तुमचा डीआयडी असतो. ती ओळ तुमच्या डोमेनच्या डीएनएस पॅनेलमध्ये (रजिस्ट्रारच्या खात्यातलं, डोमेनच्या नोंदी ठेवायचं पान) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, म्हणून टाकायची. होस्ट या रकान्यात अंडरस्कोर आणि त्याला जोडून ‘एटीप्रोटो’ (_atproto), व्हॅल्यूमध्ये ती डीआयडीची ओळ. सेव्ह करायचं, थोडं थांबायचं, अ‍ॅपमध्ये परत येऊन ‘व्हेरिफाय’ दाबायचं.

इथे हमखास अडणारी एक जागा आहे. बहुतेक डीएनएस पॅनेल होस्टच्या मागे तुमचं डोमेन आपोआप जोडतात. तुम्ही तिथे पूर्ण डोमेन पुन्हा लिहिलंत तर नाव दुहेरी होतं आणि पडताळणी काही केल्या होत नाही. म्हणून होस्टमध्ये फक्त तो छोटा शब्द लिहा. व्हॅल्यू कॉपी करताना मागेपुढे मोकळी जागा किंवा जादाचं अवतरणचिन्ह आलं नाही ना तेही बघा. तरीही जमेना तर तासाभराने पुन्हा तपासा. डीएनएसमधले बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो.

हे झालं की तुमचं हँडल तुमच्या डोमेनवर आलं आणि त्यामागचा डीआयडी होता तोच राहिला. उद्या डोमेन बदललंत तरी अनुयायी तुटत नाहीत, कारण ते डीआयडीला जोडलेले असतात. तुमचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर नेला तरीही तेच. मात्र मूळ सेटिंगमध्ये किल्ल्या सर्व्हरच सांभाळतो. पूर्ण ताबा हवा असेल तर तुमच्या डीआयडीला तुमची स्वतःची एक रोटेशन की (बाकीच्या किल्ल्या बदलायचा अधिकार असलेली किल्ली) जोडता येते, आणि ती सर्व्हरच्या कीच्या वरच्या क्रमांकावर ठेवता येते. मग सर्व्हरने किंवा तिथे घुसलेल्या कोणी तुमची ओळख बळकावली, तरी ७२ तासांच्या आत तुमची वरची की वापरून तो बदल रद्द करता येतो. यासाठी कमांड लाइन (संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) थोडी हाताळावी लागते, त्यामुळे पहिल्याच दिवशी नको. महिनाभराने नक्की करा.

मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर डीआयडी नाही, पण डोमेनचा उपयोग होतो. तुमच्या वेबसाइटच्या पानावर तुमच्या मॅस्टोडॉन प्रोफाइलची लिंक ‘रेल मी’ (rel="me") या खुणेसह टाका आणि प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा पत्ता लिहा. दोन्हीकडून लिंक जुळली की पत्त्यापुढे हिरवी खूण येते. ती खूण पैसे देऊन मिळत नाही, आणि कोणी मर्जीने देत किंवा काढूनही घेत नाही. सर्व्हर बदलताना तुमचे अनुयायी बरोबर नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र जुन्याच सर्व्हरवर राहतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

नॉस्टर या तिसऱ्या विकेंद्रित समाजमाध्यमाची गोष्ट वेगळी आहे. तिथे खातंच नाही, फक्त किल्ल्यांची जोडी. ‘एनपब’ने सुरू होणारी सार्वजनिक, ‘एनसेक’ने सुरू होणारी खासगी. मधला कुठलाच सर्व्हर तुम्हाला हाकलू शकत नाही, कारण तुमची ओळख कुठल्याच सर्व्हरवर नाही. त्याची किंमतही तितकीच रोखठोक आहे: एनसेक हरवली तर ओळख गेली, चोरीला गेली तर दोघांची झाली, आणि बदलून मिळायची सोय मूळ रचनेत नाही. म्हणून एनसेक कुठल्याही वेबसाइटच्या रकान्यात चिकटवू नका. सही करून देणारं वेगळं ब्राउझर एक्स्टेन्शन किंवा अ‍ॅप वापरा, ज्यात किल्ली एकदाच जाते आणि बाकीच्या अ‍ॅप्सना फक्त सही मिळते.

किल्ली सांभाळणं, म्हणजे खरं काम

मला या सगळ्या विषयात कुठल्या भागाची सगळ्यात जास्त काळजी वाटत असेल तर ती इथे. ‘तुमची ओळख तुमच्या हातात’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं आता कोणी नाही. परतीची वाट आधी बांधा, मग पुढे जा.

बहुतेक वॉलेट किल्लीऐवजी १२ किंवा २४ शब्द देतात, त्याला सीड फ्रेज म्हणतात. ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. इंग्रजी यादी अशी बांधली आहे की पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द ओळखता यावा. त्यामुळे पुसट झालेलं अक्षर बरेचदा भरून काढता येतं. १२ शब्दांत १२८ बिट खऱ्या गुपिताचे असतात आणि ४ बिट तपासणीचे. त्या चार बिटांमुळे चुकीचा शब्द लिहिला तर वॉलेट बहुतेक वेळा लगेच ‘चुकीचं’ म्हणतं, पण दर वेळी नाही. साधारण १६ पैकी एक चूक तपासणीतून निसटते आणि मग भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. म्हणून लिहिल्यावर लगेच एकेक शब्द मोठ्याने वाचून ताडून बघा, क्रमांकासह.

हे शब्द कागदावरच लिहा. स्क्रीनशॉट नको, नोट्स अ‍ॅप नको, स्वतःला पाठवलेला मेल तर नकोच. फोनमधले फोटो नकळत क्लाउडवर चढतात आणि तिथून पुढे कुठे जातात यावर आपला ताबा राहत नाही. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या इमारतींमध्ये ठेवा. पाणी आणि आग यांची भीती असेल तर धातूच्या पट्टीवर अक्षरं ठोकून ठेवता येतात.

‘सहा शब्द इथे, सहा तिथे’ असा सल्ला कुठेकुठे दिला जातो. तो मानू नका. एक तुकडा हरवला तर सगळंच गेलं, आणि एक तुकडा चोराला सापडला तर त्याचं उरलेलं काम कल्पनेपलीकडे सोपं होतं. गुपित वाटायचंच असेल तर त्यासाठी आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. तिच्यात, समजा, पाच भाग करायचे आणि कुठलेही तीन एकत्र आले तरच गुपित उघडतं. दोन भागांवरून काहीच कळत नाही. काही हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या वेगळ्या यंत्रांमध्ये, ही सोय तयार मिळते. पाच विश्वासाच्या माणसांकडे एकेक भाग देता येतो.

आणि एक नियम अपवादाशिवाय पाळा: सीड फ्रेज विचारणारा माणूस, वेबसाइट किंवा ‘सपोर्ट’ हा चोरच असतो. खऱ्या कुठल्याही सेवेला हे शब्द विचारायचं कारणच पडत नाही. ते फक्त तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, ते पुन्हा उभं करताना घालायचे.

दाखले: कमी सांगून जास्त सिद्ध करणं

तिसरी गोष्ट दाखल्यांची. याचं मानक डब्ल्यूथ्रीसीने २०१९ मध्ये पहिल्यांदा आणलं आणि २०२५ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली. नाव व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल. देणारी संस्था दाखल्यावर डिजिटल सही करते, तो तुमच्या वॉलेटमध्ये राहतो, आणि तुम्ही हवा तिथे दाखवता. तपासणारा सही पडताळतो. त्यासाठी त्याला देणाऱ्या संस्थेला फोन करावा लागत नाही, म्हणजे तुम्ही दाखला कुठे वापरलात हे त्या संस्थेला कळत नाही.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय म्हणजे निवडून दाखवणं. वय १८ च्या वर आहे एवढंच सिद्ध करायचं असेल तर जन्मतारीख, नाव, पत्ता, फोटो काहीच न देता तेवढंच दाखवता येतं. ओळखपत्राची झेरॉक्स देताना आपण किती जास्त माहिती देतो, याचा विचार केला की फरक कळतो.

पण दाखला देणारी संस्थाच हे तंत्र वापरत नसेल तर तुम्ही एकट्याने काही करू शकत नाही, त्यामुळे हा भाग सगळ्यांच्या हातात आजच येईल असं नाही. आला तर वॉलेटच्या पडद्यावर ‘समोरचा काय मागतोय’ ही यादी येते, ती वाचा. ‘सगळं मान्य’ दाबायची सवय इथे आणू नका. वयासाठी पत्ता मागणाऱ्याला नकार द्या.

ब्लॉकचेनवरचं नाव हवं का?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली, सहसा न बदलता येणारी सार्वजनिक नोंदवही. इथेरियम ही त्यातलीच एक, आणि तिथे ‘डॉट ईटीएच’ नावं मिळतात. ती देणारी ईएनएस ही सेवा २०१७ पासून चालू आहे. नाव तुमच्या वॉलेटच्या किल्लीशी बांधलेलं असतं आणि मुदतीत असेपर्यंत कोणी काढून घेऊ शकत नाही. इथेही भाडं आहेच: मुदत भरावी लागते, संपल्यावर ९० दिवसांची सवलत, मग नाव मोकळं.

तुम्ही त्या जगात आधीच वावरत असाल तर जरूर घ्या. नसाल तर ओळखीसाठी म्हणून त्यात शिरायची मला गरज दिसत नाही. आणि घेतलंत तर पैसे असलेल्या वॉलेटला ते नाव जोडू नका. जोडलंत तर तुमचं नाव माहीत असलेला प्रत्येक जण तुमची शिल्लक आणि आजवरचा प्रत्येक व्यवहार पाहू शकतो. नावासाठी वेगळं, रिकामं वॉलेट ठेवा. ब्लॉकचेनवर फोन, ईमेल, जन्मतारीख असलं काहीही लिहू नका, सांकेतिक रूपातही नाही. तिथून काही पुसता येत नाही, आणि आजचं कुलूप वीस वर्षांनी टिकेल याची हमी कोणी देत नाही.

सगळीकडे एकच ओळख नको

एकच डीआयडी सगळीकडे वापरलात तर कंपनीने जी पाळत ठेवली असती ती आता कोणीही ठेवू शकेल, कारण तो पत्ता सार्वजनिक आहे. मी सुचवेन की निदान तीन कप्पे करा. एक खऱ्या नावाचा, डोमेनसह, जगाला दाखवायचा. एक टोपणनावाचा, ज्याचा पहिल्याशी ईमेल, डोमेन, वॉलेट यांपैकी कशानेही संबंध येणार नाही. आणि दाखल्यांचा तिसरा, जो कुठल्याही प्रोफाइलवर लावायचा नाही. टोपणनाव वापरणं म्हणजे लबाडी नव्हे. आजाराबद्दल, छळाबद्दल, नोकरीतल्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्या माणसाला ते लागतं, आणि ते देण्याची ताकद या तंत्रात आहे हे त्याचं मोठं बलस्थान.

परत येण्याचा सराव

सगळं लावून झालं की एक दुपार मोकळी काढा. जुना फोन किंवा दुसरा संगणक घ्या आणि मूळ यंत्राला हात न लावता तिथे सगळं उभं करून बघा: कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट, बॅकअप कोडवरून ईमेल, रजिस्ट्रारचं लॉगिन. जिथे अडाल तिथे कागद अपुरा आहे असं समजा आणि लगेच दुरुस्त करा. काम झालं की त्या जादाच्या यंत्रावरून सगळं पुसून टाका. वर्षातून एकदा, डोमेनच्या नूतनीकरणाच्या सुमारास, हा सराव पुन्हा करा.

तुमच्या पश्चात हे सगळं कोण बघणार तेही लिहून ठेवा. त्या कागदावर शब्द किंवा पासवर्ड लिहायचे नाहीत. डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, मुदत कधी संपते, शब्दांच्या प्रती कुठे ठेवल्या आहेत, त्यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, इतकंच लिहायचं. तो कागद एका माणसाच्या हाती द्या आणि तो कशाचा आहे हे त्याला समोर बसवून समजावून सांगा.